शेजारचं लेकरू आपल्या घरात येऊन धिंगाणा घालतंय, तर आपण बोलायचं का?

नांदेडच्या एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात असं की त्यांची मुलगी चार वर्षांची, समोरच्या फ्लॅटमधला मुलगा साडेपाच वर्षांचा, रोज संध्याकाळी पाच-साडेपाचला खेळायला येतो. आल्या आल्या सोफ्यावर उड्या, फ्रिज उघडून हाताला येईल ते काढणं, मुलीच्या हातातलं हिसकावणं, नाही दिलं तर ढकलणं, आणि मागच्या आठवड्यात त्यानं तिच्या आवडत्या बाहुलीचा हातच उपटून काढला. त्याची आई बऱ्याचदा सोबत असते, चहा घेत बसते आणि म्हणते, "लहान आहे हो, मोठा झाला की कळंल." ताईंच्या सासूबाई म्हणतात दुसऱ्याच्या लेकराला बोलू नये, आपलं लेकरू समजावावं. दोघींचे नवरे एकाच ऑफिसात. आणि ताई विचारतात, "मी त्याला रागावलं तर चालेल का, की त्याचं येणंच बंद करू?"

मी लातूरला औसा रोडच्या बाजूला घरातच बालवाडी चालवते आणि दुपारनंतर पाळणाघर, २००१ पासून. म्हणजे दुसऱ्याची लेकरं सांभाळणं हेच माझं पोट. स्वतःची दोन वाढवली, दुसऱ्यांची किती ते मोजायचं कधीच सोडून दिलं. मी काही डॉक्टर नाही, मानसशास्त्राची डिग्री वगैरे नाही, बालवाडीचं ट्रेनिंग झालेलं आहे आणि बाकीचं लेकरांनीच शिकवलं, तेव्हा जे सांगायलेय ते त्या मापानं घ्या.

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला वाटलं यात त्या पोराचा प्रश्न चार आणे आहे आणि बारा आणे मोठ्यांचा आहे. साडेपाच वर्षांचं पोरगं तुमचं ऐकंल, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर ऐकंल. तुम्हाला धाकधूक आहे ती त्याची आई काय म्हणंल, सासूबाई काय म्हणतील, उद्या ऑफिसात ह्यांच्या कानावर काय येईल त्याची. म्हणजे माझ्याच घरात मला बोलायचा हक्क आहे का नाही, असं तुम्ही विचारायलात.

आहे ना. पण कशाचा हक्क ते नीट बघा. दुसऱ्याच्या लेकराला थांबवायचा हक्क आपल्याला आहे, वळण लावायचा नाही. हात धरून "इथं ढकलायचं नाही" म्हणणं हे झालं थांबवणं. "तुला घरी काही शिकवलंच नाही का, असा कसा रे तू आगाऊ, आमची बघ कशी शहाणी आहे" हे झालं वळण लावणं, आणि ते काम त्याच्या आईबापाचं, ते त्यांनी करो न करो. आपल्याकडं गडबड अशी होते की आधी अर्धा तास आपण थांबवतच नाही, भिडेपोटी गप्प बसतो, "असू दे असू दे" म्हणतो, आतून मात्र चहासारखं उकळत असतो, आणि मग ते उतू गेलं की एकदम वळण लावायला निघतो. तोपर्यंत आवाज चढलेला असतो, शब्द वाकडे गेलेले असतात, आणि समोरच्या आईला फक्त तेवढंच दिसतं.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही, माझ्याच हातून झालंय. बालवाडी सुरू करून दोन-तीन वर्षं झाली असतील, शेजारच्या बाईंचा मुलगा संध्याकाळी आमच्याकडं असायचा. माझ्या धाकट्याला त्यानं पाटीनं मारलं, मी म्हटलं असू दे. परत मारलं, मी हसून म्हटलं अरे अरे. तिसऱ्यांदा मी स्वयंपाकघरातून नुसती ओरडले, हातात पीठ होतं. चौथ्यांदा पळत आले आणि त्याच्या पाठीत एक धपाटा दिला. लहानच होता धपाटा, पण दिला. त्या बाई दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत, संक्रांतीला सगळ्या गल्लीत वाण दिलं आणि आमचं दार सोडून पुढं गेल्या. त्यांचं बरोबरच होतं. शाळेत शिक्षकालाही लेकरावर हात उचलायला बंदी आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे ते, मग शेजारणीला कुठला हक्क आला. पण मला जास्त काय लागलं माहितीये? त्या पोराला पहिल्या तीन वेळा कुणी थांबवलंच नव्हतं. त्याच्या हिशोबानं तीनदा चालणारी गोष्ट चौथ्यांदा अचानक गुन्हा झाली.

आता कशाकशावर अवलंबून आहे ते सांगते, कारण एकच उपाय सगळ्या लेकरांना लागू पडत नसतो.

सगळ्यात आधी वय. दोन-अडीच वर्षांची दोन लेकरं एका खोलीत ठेवली तर ती बहुतेक वेळ एकमेकांशी खेळत नाहीत, शेजारी बसून आपापलं खेळतात. आम्हाला ट्रेनिंगमध्ये मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या अमेरिकन बाईंचं काम शिकवलं होतं, त्यांनी १९३२ मध्ये लेकरांचं खेळणं बघून त्याच्या पायऱ्या मांडल्या, एकटं खेळणं, नुसतं बघत बसणं, शेजारी बसून वेगळं खेळणं, मग हळूहळू मिळून खेळणं. दोन वर्षांच्या लेकराला "दोघं मिळून खेळा" म्हणणं म्हणजे उभं राहता येत नाही त्याला पळायला सांगणं. या वयात चावणं पण असतं, एक ते तीन वर्षांच्या लेकरात ते जास्त दिसतं, शब्द नसतात म्हणून दात वापरतात. त्याला खोडी म्हणू नका, फक्त चावलेली जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि कातडी फाटून रक्त आलं असेल तर डॉक्टरला दाखवा. चारच्या आसपास लेकराला समजायला लागतं की समोरच्याच्या डोक्यात माझ्यापेक्षा वेगळं काही असू शकतं. म्हणजे तुमची चार वर्षांची आत्ता कुठं त्या उंबऱ्यावर आहे आणि तो साडेपाचचा उंबरा ओलांडून आत आलाय. त्याला नियम कळतो. पण नियम कळणं वेगळं आणि हात आवरणं वेगळं, ते मोठ्यांनाही चाळिशीत जमत नाही.

दुसरं म्हणजे लेकरू कुणाचं. रोज येणाऱ्या शेजाऱ्याचं असेल तर एकदा शांतपणे घडी बसवणं परवडतं, कारण उद्याही यायचंय. दिवाळीत चार दिवस आलेलं नणंदेचं असेल तर फक्त मारामारी आणि पडझड तेवढी बघा, बाकीकडं काणाडोळा करा, चार दिवसात कुणाचं काही बदलत नसतं. आणि साहेबांचं लेकरू असेल तर... साहेबांच्या लेकरालाही तेच वाक्य. लेकराला बाप कोणत्या पोस्टवर आहे ते माहीत नसतं, ते आपल्या चेहऱ्यावरूनच त्याला कळतं.

तिसरं, तुम्ही नियम आधी सांगितला होता का. इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याचं काय झालं होतं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटरच्या आसपास, आणि लोक स्टेशनवर ते बघायला गेले होते. आमच्या घरात टँकरचं पाणी दोन टिपाडात, म्हणजे पिंपात, आंघोळीचं पाणी संडासला, भांड्याचं पाणी झाडाला. त्यात लग्नासाठी पुण्याहून पाहुणे आले, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा मागच्या अंगणात खेळायला लागला आणि टिपाडाच्या तोटीखाली त्यानं मस्त धरण बांधलं. मी बघितलं तेव्हा अर्धं टिपाड मोकळं. मी अशी किंचाळले की ते लेकरू जागच्या जागी मुतलं. खरं सांगायलेय. रात्री ते आईला विचारत होतं, "पाण्यात खेळलं तर मामी एवढ्या का ओरडल्या?" त्याला पाणी संपतं हेच माहीत नव्हतं, त्याच्या घरी नळ फिरवला की पाणी यायचं. घरात पाऊल ठेवल्यावर दोन मिनिटं त्याला टिपाडापाशी नेऊन "हे आठ दिवसांचं पाणी आहे, तोटीला हात लावायचा नाही" एवढं म्हटलं असतं तर ते लेकरू दुसऱ्या लेकरांवर पहारा करत बसलं असतं, या वयाच्या पोरांना तसली जबाबदारी लई आवडते.

तेव्हापासून माझ्याकडं नवीन लेकरू आलं की दारातच तीन गोष्टी सांगते, तीनच, जास्त सांगितल्या की एकही राहत नाही. तुमच्याकडच्या पोराला पण उद्या दारातच, चप्पल काढतानाच, खाली बसून सांगा, "हे बघ, आमच्या घरी सोफ्यावर बसायचं, उड्या खाली चटईवर. भूक लागली की मला सांगायचं, फ्रिज मी उघडणार. आणि हात कुणाच्या अंगावर टाकायचा नाही. काय काय सांगितलं, सांग बघू?" त्याच्या तोंडून म्हणून घ्या. त्याची आई शेजारी उभी असेल तर सोन्याहून पिवळं, तिलाही न सांगता सांगून झालं. "आमच्या घरी" हे दोन शब्द सोडू नका, त्यात त्याच्या घरचं काही चूक आहे असं येत नाही.

आता ऐन वेळी काय करायचं. पहिली गोष्ट, उठा. सोफ्यावर बसून किंवा ओट्यापासून "ए, ए, नाही हं" म्हणण्याला लेकरं रेडिओ समजतात. उठून जवळ जा, गुडघ्यावर बसा, उगारलेला हात हलक्यानं धरा, दाबायचा नाही, फक्त अडवायचा. ज्याला लागलंय त्याच्याकडं आधी बघा, "लागलं का, कुठं लागलं", आणि मग दुसऱ्याला एकच वाक्य, "ढकलायचं नाही. तिला लागतं." संपलं. "का ढकललंस" विचारू नका, त्याला माहीत नसतं, आणि विचारलं की ते गोष्ट रचतं आणि तुम्ही न्यायाधीश होऊन बसता. बालवाडीत मी सुरुवातीची कितीतरी वर्षं कोर्ट भरवायची, कुणी आधी, कुणी नंतर, साक्षीदार कोण. वेळ जायचा आणि जो चांगला बोलायचा तो सुटायचा.

"सॉरी म्हण" पण मी म्हणायला लावत नाही. बऱ्याच आयांना हे पटत नाही, पण मी बघितलंय की लेकरांसाठी सॉरी म्हणजे टोलनाका होतो, टोल भरला की गाडी पुढं, परत ढकलायला मोकळं. त्यापेक्षा काहीतरी करायला लावते, पडलेले ठोकळे उचलून दे, तिला पाणी आणून दे, फाटलंय ते चिकटवायला माझ्यासोबत बस.

परत केलं तर त्याला खेळातून बाजूला घ्या, पण कोपऱ्यात तोंड करून बसवू नका, परक्या घरात ते फार लागतं लेकराला. आपल्या जवळ बसवून घ्या, शेंगा फोडायला द्या, मटार सोलायला द्या, पाच-सात मिनिटं. हाताला काम लागलं की डोकं खाली येतं. मी पाळणाघरात यासाठी एक डबाभर शेंगा कायम ठेवते, अर्ध्या पोटात जातात ती गोष्ट वेगळी.

आणि तिसऱ्यांदा केलं तर आजचं खेळणं संपलं. रागानं नाही, ओढत नाही, "आज खेळून झालं आपलं, चल तुला सोडते, उद्या ये." हे "उद्या ये" विसरायचं नाही, त्यात सगळं आहे. त्याच्या लक्षात राहायला पाहिजे की ढकललं की खेळ बंद होतो, आपण नकोसे होत नाही. तसंही या वयाला घरात एक-दीड तास पुष्कळ झाला, बरीच भांडणं शेवटच्या अर्ध्या तासातली असतात, दोघं थकलेली, भुकेली, त्यात लाइट गेलेली.

त्याची आई समोर बसलेली असताना कसं, हा तुमचा खरा अडकलेला काटा. मी असं करते, आधी एक संधी तिला. त्यानं हात उगारला की तिच्याकडं बघून साधं म्हणायचं, "वैनी, जरा बघता का." ती उठली तर बरंच झालं, आपण मधे पडायचं नाही, ती आपल्यापेक्षा मऊ वागली तरी नाही आणि कडक वागली तरी नाही. ती म्हणाली "लहान आहे हो", तर वाद घालायचा नाही, "हो ना, लहानच आहेत दोघं" म्हणायचं आणि म्हणता म्हणता उठून जाऊन त्याचा हात अडवायचा. तिच्या वाक्याला उत्तर द्यायची गरजच नसते, आपलं काम हात अडवायचं होतं ते झालं. दोन-तीनदा असं झालं की बहुतेक आया स्वतःच उठायला लागतात, कारण दुसरी बाई आपल्या पोरासाठी उठतेय हे कुणालाच बघवत नाही.

एक गोष्ट मात्र कधी करू नका, पोराला बोलून आईला ऐकवणं. "बाई बाई, काय रे तुझी आई काही म्हणत नाही का तुला" असलं. सुनेला लागावं म्हणून लेकीला बोलायची आपल्याकडची जुनी रीत आहे, ती लेकरांवर वापरली की लेकराला कळत नाही आणि आईला नको इतकं कळतं.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडं येते, "आपल्याच लेकराला समजावावं". यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी इथं होताना बघितलंय. आपल्या घरात पाहुणा आला की यजमानाच्या लेकराचा बळी ठरलेला. "दे गं त्याला, तो आपल्या घरी आलाय ना." "शहाणी ना तू, देऊन टाक." ती देते, कारण शहाणी म्हटलंय. मग तो ते मोडतो, आणि आपण म्हणतो, "जाऊ दे, नवीन आणू." तुमच्या मुलीनं काय शिकलं यातून? की माझी वस्तू माझ्या आईच्या भिडेपेक्षा स्वस्त आहे. की कुणी हिसकावलं तर सोडून द्यायचं आणि हसायचं. मुलींच्या बाबतीत तर हे फार होतं, मुलगा हिसकावतो तेव्हा "मुलं अशीच असतात" आणि मुलीनं नाही दिलं की "केवढी हट्टी". माझ्याकडं एक मुलगी होती, तिच्या हातातून कुणी काही घ्यायला आलं की ती आधीच सोडून द्यायची, मागायच्या आधी. सगळे म्हणायचे किती गुणी. मला तिच्याकडं बघवायचं नाही.

माझ्याकडं काय चालतं ते सांगते. पाहुणा यायच्या आधी लेकराला विचारायचं, "यातलं कुठलं तुला द्यायचं नाही?" दोन-तीन वस्तू त्यानं निवडायच्या, त्या कपाटात वर. त्याबद्दल कुणाला सबब द्यायची नाही, बाहेर नाहीत म्हणजे नाहीत. जे बाहेर ठेवलं ते दोघांचं, ते मोडलं तर रडायचं थोडं आणि सोडून द्यायचं. यात लेकराला देण्याचा आनंद पण मिळतो, कारण ते त्याच्या मनानं देतंय. आणि "माझी पाळी झाली की तुला देईन" हे वाक्य तुमच्या मुलीला शिकवा, मोठ्यानं म्हणायला शिकवा, आरशासमोर खेळ म्हणून म्हणा दोघी. "मला ढकलू नको" हे पण. ती म्हणाली आणि त्यानं नाही ऐकलं तर तुम्ही उठायचं, म्हणजे तिला समजतं की आपण बोललं की आई येते. सासूबाईंना सांगा, आपल्याच लेकराला समजावायलेय, फक्त गप्प बसायचं नाही, बोलायचं समजावायलेय.

आणि एक आडवाटेची गोष्ट, पण उपयोगाची. येळवसीला, म्हणजे वेळ अमावस्येला, तुमच्याकडं लोक शेतात जातात का माहीत नाही, आमच्या लातूर भागात त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे शेतात, कडब्याची कोप म्हणजे खोपटी, आणि जेवायला आंबिल, उंडे, भज्जी. सहा-सात घरची पंधरा-वीस लेकरं दिवसभर एका शेतात असतात आणि मी दरवर्षी बघते, खरचटतं, चिखलानं भरतात, बोरीचे काटे टोचतात, पण घरातल्यासारखी हिसकाहिसकी होत नाही. का, तर ढेकूळ कुणाच्या मालकीचं नसतं. काडी सगळ्यांची, बांध सगळ्यांचा, आणि पळायला जागा. घरात काय होतं, दहा बाय बाराच्या खोलीत सगळी खेळणी एकाच्या मालकीची आणि दुसरा पाहुणा, म्हणजे भांडण आपणच मांडून ठेवलेलं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, लेकरं शाळेत येईनात तेव्हा शाळाच लेकरांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द त्यातून आलेला. तुमच्याकडं अंगण नसेल, फ्लॅट आहे, पण खाली पार्किंगची मोकळी जागा असेल, गच्ची असेल (मोठं माणूस सोबत पाहिजेच), नाहीतर गॅलरीत पाण्याची बादली आणि दोन मग, कणकेचा गोळा, जुनी खोकी. ज्या दिवशी तो येणार त्या दिवशी गाड्या-बाहुल्या आत आणि खोकी बाहेर, असं आठवडाभर करून बघा.

बाकीचं पटकन सांगते. मोबाइल मागितला तर "आमच्याकडं खेळताना मोबाइल नसतो" आणि मग तुम्हीही हातात घ्यायचा नाही. शिवी दिली तर हसू नका, कितीही बोबडी आणि गोड वाटली तरी, आजोबा हसले की ती शिवी पक्की झाली, "हा शब्द इथं नाही" म्हणा आणि पुढं जा. खिशात छोटी गाडी घालून निघाला तर चोर-बिर शब्द तोंडातून काढू नका, दारात हात पुढं करून "गाडी इथं झोपते, उद्या ये परत भेटायला", बहुतेक लेकरं काढून देतात. आणि दार आतून लावून खेळायचं नाही हा नियम सगळ्यांना, सगळ्या वयात, मुलगा-मुलगी काही असो, त्यात चर्चा नाही.

त्याच्या आईशी बोलायचं का? दारातले नियम आणि उठून थांबवणं हे दोन-तीन आठवडे करून बघा, त्यानंतरही मारणं कमी झालं नाही तर बोला. व्हॉट्सअपवर नाही, भिशीत चार जणींसमोर नाही, ज्या दिवशी घडलं त्या संध्याकाळीही नाही. दुपारी एकटी असताना जा, आणि सुरुवात आपल्यापासून करा, "आमची तुमच्याकडं आली की कशी वागते हो? हट्ट करते का?" ती काहीतरी सांगेलच, ते ऐकून घ्या, खरंच ऐकून घ्या, आपल्याही लेकराचे दिवे समोर येतात. मग म्हणा, "माझ्याकडं दोघांची ढकलाढकली फार व्हायलीये, तर मी दोघांनाही थांबवते, तुम्हाला चालेल ना? घरी तुम्ही काय म्हणता त्याला, म्हणजे मीही तेच म्हणते." परवानगी मागितल्यासारखं दिसतं पण खरं तर कळवणं आहे. आणि तिला शिकवायला जाऊ नका, ती दिवसभर त्या पोरामागं एकटी पळून तुमच्याकडं चहाला अर्धा तास बसायला येत असंल, तिला तो चहा फार गरजेचा असू शकतो.

एक अपवाद ध्यानात ठेवा. माझ्याकडं एक पाच वर्षांचा मुलगा होता, कितीही हाका मारा, ऐकंना, धक्के मारायचा, मोठ्यानं ओरडायचा, सगळे म्हणायचे वांड आहे. मलाही तेच वाटायचं. एके दिवशी त्याच्या पाठीमागं स्टीलचं ताट पडलं, बाकीची सगळी लेकरं दचकली आणि हा वळलाच नाही. कान तपासले, ऐकूच कमी येत होतं. बोलावून कुणी बघत नाही म्हणून पोरगं धक्का मारून बोलवत होतं. तेव्हा सगळीकडं, सगळ्यांशी, कायमच असं वागणारं लेकरू असेल, नावानं वळत नसेल, बोलणं वयाच्या मानानं मागं असेल, तर ते वाईट वळणाचं आहे असं धरून चालू नका. आता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, २०१३ पासूनचा आहे तो, अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत पथक येऊन लेकरं तपासतं, आणि तसं काही दिसलं तर पुढं जिल्ह्याला पाठवतात. पण शेजारीण म्हणून आपण निदान सांगायला जायचं नाही. "मला वाटलं मी हाक मारली ती त्याला ऐकू आली नाही, तुम्हाला कधी वाटलं का?" एवढंच बोलायचं.

येणं बंद कधी करायचं? मुलीला दुखापत होईल असं चाललंय, तुम्ही उठून थांबवताय, आईशी बोलून झालंय आणि तरी तसंच, तर बंद करा, अपराधी वाटून घेऊ नका. किंवा मुलगीच तो यायच्या वेळेला पोटात दुखतंय म्हणायला लागली, खोलीत लपायला लागली, तर दोन-तीन आठवडे पण थांबू नका. बंद करताना भांडण लागत नाही, "सध्या संध्याकाळी आम्ही दोघी बाहेर जातो फिरायला" म्हणा आणि खरंच जा. मग एखाद्या रविवारी बागेत दोघांना भेटवा, तासभर, उघड्यावर, आणि बघा कसं जमतं. नवऱ्यांच्या ऑफिसचं टेन्शन घेऊ नका, पुरुषांना असल्या गोष्टी आपण सांगितल्याशिवाय कळत पण नाहीत.

आणि ती बाहुली. नवीन आणायची घाई करू नका. तो पुढच्या वेळी आला की सुई-दोरा, नाहीतर चिकटपट्टी घेऊन खाली बसा, हात त्याला धरायला लावा, शिवायचं तुम्ही, दोरा कापायला मुलीला सांगा. हात वाकडा बसंल, बसू द्या. त्या शिवलेल्या बाहुलीला परत उपटायला त्याचा हात धजतो का ते मला कळवा.